तक्तेकाकांची सुधारित आवृत्ती

तक्तेकाकांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता पेन्शनच्या कागदांवर आणि गॅसच्या पुस्तकावरच उरलंय. चेन्नईतली मराठी मंडळी त्यांना तक्तेकाका म्हणतात आणि तेही फोन उचलून 'तक्ते बोलतोय' असंच सांगतात. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत, म्हणजे आयसीएफमध्ये, त्यांची सगळी नोकरी प्लॅनिंगमध्ये गेली. कुठला डबा कुठल्या शेडमधून कधी निघणार, त्याला रंग कधी, बाकं कधी, पंखे कधी, हे सगळं त्यांच्या तक्त्यात असायचं. निवृत्तीच्या दिवशी त्यांना हार, शाल आणि नारळ मिळाला. हातातली पट्टी-पेन्सिल मात्र काढून घ्यायचं कोणाला सुचलं नाही. डब्यांच्या जागी मग घरची माणसं आली.

काकांचा तक्ता बघण्यासारखा असतो. लांब कागद आडवा धरून पाच रकाने आखलेले: वेळ, स्थळ, कृती, जबाबदार व्यक्ती आणि शेरा. '६.१० ते ६.२५ चहा. जबाबदार: काकू.' शेजारी शेरा: 'चहा गार झाल्याची तक्रार ६.२५ नंतर ऐकली जाणार नाही.' पुढे: '७.४० ते ९.०० प्रवास. शेरा: धाकटीला गाडीत शहाळं देऊ नये (संदर्भ: महाबलीपुरम).' महाबलीपुरमला काय झालं होतं, हे घरात कोणी बोलत नाही. गाडीची सीटकव्हरं तेव्हा बदलली, एवढंच समजतं.

डिस्नीलँडचा विषय निघाला की काकांना दोन तारखा सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड उघडलं १७ जुलै १९५५ ला, आणि आयसीएफचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं त्याच वर्षी २ ऑक्टोबरला. डिस्नीलँडच्या पहिल्या दिवशी लोक बनावट आमंत्रणं घेऊन घुसले, प्लंबरांच्या संपामुळे पिण्याचे नळ कोरडे पडले, आणि ओल्या डांबरात बायकांच्या सँडलच्या टाचा रुतल्या. हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. "अडीच महिने थांबले असते," ते म्हणतात, "तर आमच्यातला एखादा माणूस पाठवला असता."

अशा माणसाने कुठल्याही शहरात राहावं, चेन्नईत राहू नये. पुण्या-मुंबईकडे पाऊस जूनमध्ये येतो आणि शाळा उघडल्यावर भिजवतो. इथे तो ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे दिवाळी, सहामाही परीक्षा आणि नाताळ, या सगळ्यांच्या मानगुटीवर बसतो. सुट्टी द्यायची की नाही हे जिल्ह्याचा कलेक्टर ठरवतो, तेही अनेकदा पहाटे. आदल्या रात्री शहरातली तमाम पोरं 'तमिळनाडू वेदरमॅन' प्रदीप जॉन काय लिहितात याकडे डोळे लावून बसलेली असतात. अभ्यासाचं पुस्तक उघडायचं की नाही, ते त्यावर ठरतं. काकांचा नातू अड्यारच्या शाळेत आहे, म्हणजे चेन्नई जिल्ह्यात. नात नावलूरच्या शाळेत, म्हणजे २०१९ मध्ये कांचीपुरमपासून वेगळ्या झालेल्या चेंगलपट्टू जिल्ह्यात. घर एक, पाऊस एक, कलेक्टर दोन. एकाला सुट्टी आणि दुसरीला शाळा, असं झालं की नात भोकाड पसरते आणि काका तक्त्यात दोघांसाठी वेगवेगळे रंग वापरतात.

पावसातून सुटावं तर ऊन आहे. २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या शाळा १ जूनपासून उघडायच्या होत्या. उन्हामुळे ७ जून ठरलं, मग मोठ्यांसाठी १२ आणि लहानांसाठी १४. काकांनी तीनदा तक्ता केला. त्याच वर्षी डिसेंबरात मिचाँग वादळ आलं, शहर पाण्याखाली गेलं आणि सहामाही परीक्षा पुढे गेल्या. पुढच्या वर्षी शाळा ६ जूनऐवजी १० जूनला उघडल्या, आणि दिवाळीला सरकारने १ नोव्हेंबरचीही सुट्टी जाहीर केली, बदल्यात एक शनिवार कामाचा करून. सगळं शहर खुशीत होतं. सुट्टी वाढली म्हणून चिडलेला त्या दिवशी चेन्नईत एकच माणूस असावा, आणि तो अण्णानगरच्या एका गॅलरीत खोडरबर शोधत होता.

घरात दोन कॅलेंडरं आहेत. स्वयंपाकघरात कालनिर्णय, दिवाणखान्यात रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर. काकू इतकी वर्षं इथे राहून राहुकाळ पाळायला लागल्या आहेत. वार आणि राहुकाळाच्या वेळा त्यांना पाढ्यांसारख्या पाठ आहेत: सोमवारी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा, शुक्रवारी साडेदहा ते बारा. त्या वेळात नवं काही सुरू करायचं नाही. काकांचा राहुकाळावर विश्वास नाही, पण त्याच्या वक्तशीरपणाबद्दल त्यांना नितांत आदर आहे. "सरकार बदललं, सुट्ट्या बदलल्या," ते म्हणतात, "पण शुक्रवारचा राहुकाळ एक मिनिट इकडचा तिकडे नाही."

चेन्नईतल्या करमणुकीच्या ठिकाणांची त्यांची प्रतवारीसुद्धा याच मापाने. ईस्ट कोस्ट रोडवर व्हीजीपी आहे. हप्त्यांनी घरगुती वस्तू विकून मोठे झालेल्या व्ही. जी. पनीरदासांच्या घराण्याचं. तिथला प्रसिद्ध पुतळा-माणूस काकांचं आराध्य दैवत. रखवालदाराच्या पोशाखात तासन्‌तास न हलता उभा राहायचा. लोक वेडेवाकडे चेहरे करत, विनोद सांगत, पैजा लावत. तो हसत नसे, हलत नसे. "वेळापत्रक पाळणारा एवढा एकच कर्मचारी मी पाहिला," असं काका आजही म्हणतात. तांबरमजवळचं किष्किंता नवोदय अप्पच्चन यांनी काढलं, ज्यांनी १९८४ मध्ये 'माय डियर कुट्टीचात्तान' हा भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट काढला होता. त्या माणसाबद्दल काकांचं मत चांगलं आहे: "चष्मा घाला म्हटलं की प्रेक्षक चष्मा घालत, काढा म्हटलं की काढत. याला म्हणतात नियोजन." मुट्टुकाडूचं एमजीएम डिझी वर्ल्ड त्यांनी मुलांच्या लहानपणी पालथं घातलं. तिरुपोरूरला वंडरला उघडलं २ डिसेंबर २०२५ ला, हे वाचून त्यांनी फक्त चष्मा वर केला. डिसेंबर! ईशान्य मोसमी पाऊस! वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयाचा त्यांना राग वेगळ्याच कारणासाठी आहे. १८५५ मध्ये शहरात सुरू झालेला आणि १९८५ मध्ये वंडलूरला हललेला हा बाग दर मंगळवारी बंद असतो. पण सणाच्या दिवसांत कधीकधी मंगळवारीही उघडा ठेवतात. "बंद म्हणजे बंद!" काका गरजतात. "वाघांना कसं कळायचं आज वार कुठला?"

आता पोंगलची हकिकत. २०२६ च्या जानेवारीत संक्रांत बुधवारी १४ तारखेला, पोंगल गुरुवारी १५ ला, माट्टु पोंगल शुक्रवारी आणि काणुम पोंगल शनिवारी. शिवाय रविवार. एवढी लांब सुट्टी म्हटल्यावर काकांनी नोव्हेंबरातच पार्कचा तक्ता काढला. पार्कचं नाव मी सांगणार नाही. त्यांच्याकडे आधीच पुष्कळ पत्रं गेली आहेत. पहिल्या आवृत्तीत सहल शनिवारी होती. जावई जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि ती चालते अमेरिकेच्या घड्याळावर. त्याने शुक्रवारी काम करायचं कबूल करून शनिवार सोडवून घेतला. आठवड्याभरात 'शुद्धिपत्रक क्र. १' आलं. काणुम पोंगलला अख्खं शहर घराबाहेर पडतं, मरीनावर पोलीस बांबू लावून समुद्रात उतरायला बंदी करतात, हरवू नयेत म्हणून पोरांच्या मनगटाला आईबापांचे फोन नंबर लिहिलेले पट्टे बांधतात; असल्या दिवशी माणसाने घरी बसावं. सहल शुक्रवारी. जावयाने साहेबाच्या हातापाया पडून दिवस उलटे करून घेतले. मग शुद्धिपत्रक क्र. २: शुक्रवारी संध्याकाळी काकूंचं हळदीकुंकू, म्हणून परत चारला. क्र. ३: लेकीने नातवाचा गिटारचा वर्ग हलवला होता तो पुन्हा होता तिथे न्यावा. क्र. ४ मध्ये आमचं नाव 'पाहुणे सदस्य' या यादीतून 'राखीव' या यादीत गेलं आणि क्र. ५ मध्ये परत आलं.

जावई गरीब आहे. तरी एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, तारीख जरा एकदाच पक्की करता का? सारखं बदलतंय."

काकांनी घास खाली ठेवला. "बदलत नाहीये. सुधारतंय."

एवढ्यात काकांचा सगळा स्वभाव आला. पार्कने वेळ बदलली तर तो गलथानपणा, सरकारने बदलली तर अनागोंदी, पावसाने बदलली तर काय बोलणार. आणि काकांनी बदलली तर सुधारणा. बदलाचं त्यांना वावडं नाही. बदल करणाऱ्याच्या हातात पेन्सिल दुसऱ्याची असली की त्यांचं पित्त खवळतं. असा काका प्रत्येक कुटुंबात, प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक सोसायटीच्या कमिटीत एक तरी असतोच. फरक एवढाच, की बाकीचे तक्ता आखत नाहीत.

तर शुक्रवार. तक्त्याप्रमाणे पार्कचं दार साडेदहाला उघडणार होतं. काका दहा वाजून दहा मिनिटांनी पहिला नंबर लावणार, १०.२८ ला तिकीट तपासणी, आणि राहुकाळ लागायच्या आत, म्हणजे बरोबर १०.३० च्या ठोक्याला, काकूंचा उजवा पाय आत. सगळं काही बेतलेलं. आम्ही दहा वाजून नऊ मिनिटांनी पोचलो. दारासमोर रांग होती, आणि रांगेच्या पलीकडे, आत, पाळण्यातून लोक ओरडत होते. पार्क नऊलाच उघडलं होतं.

काका खिडकीशी गेले. आतल्या मुलीने हसून सांगितलं, "टायमिंग मारिडुच्चु सार." टायमिंग बदललं.

"कधी बदललं?"

"पोंगल स्पेशल सार. एक्स्ट्रा टाइम. गुड, नो?"

"हे गुड नाही," काका म्हणाले. "तुम्ही दीड तास लवकर उघडलंत, म्हणजे मला दीड तास उशीर केलात."

त्या मुलीला हे गणित कळलं नाही, आणि खरं तर मलाही कळायला थोडा वेळ लागला. पण मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांना ते लगेच कळलं असावं. त्यांनी जोरात मान हलवली. सणासुदीला पार्कवाल्याने वेळ कमी केली तर माणूस नुसता चिडतो. वाढवली आणि आपल्याला कळवलं नाही, तर आपल्याला फसवलं असं वाटतं.

घड्याळात १०.२४ झाले. रांग हलेना. राहुकाळ तोंडावर आलेला, आणि साडेदहानंतर काकू बारा वाजेपर्यंत दारात पाऊल टाकणार नाहीत हे सगळ्यांना माहीत. काका घामाघूम झाले. काकूंनी मात्र पर्समधून छत्री काढली, पुढे जाऊन दारावरच्या रखवालदाराच्या हातात दिली आणि आत, खुर्चीपाशी ठेवायला सांगितली. त्याने ठेवली. १०.२७.

"झालं," काकू परत येऊन म्हणाल्या. "प्रस्थान ठेवलं. आता कितीही वाजता आत गेलं तरी चालतं."

पूर्वी लांबच्या प्रवासाला निघायचा मुहूर्त साधत नसेल तर आपलं धोतर-उपरणं शेजाऱ्याकडे ठेवून प्रस्थान करायचे. त्या रीतीचा वॉटरपार्कच्या दारात असा उपयोग होईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. काकांनी बायकोकडे पाहिलं. त्यांच्या तक्त्यात हा रकाना नव्हता.

आत गेल्यावर तक्त्याची एकेक ओळ पडत गेली. वेव्ह पूल ११.०० ला होता, तो गर्दीमुळे पाळ्यांनी चालू होता आणि आमची पाळी पावणेबाराला. नायलॉनचे कपडे नसतील तर पाण्यात सोडत नाहीत, हे काकांना माहीत होतं. पण भाड्याने कपडे देणाऱ्या खिडकीची वेळही बदलली होती. डायनासोरचा खेळ रद्द होता, कारण माट्टु पोंगलनिमित्त मधल्या पटांगणात मातीची चूल पेटली होती, पोंगल उतू जात होता, रांगोळीच्या स्पर्धेला बायका उकिडव्या बसल्या होत्या आणि एका दोरीला मडकं टांगून उऱियडी चालली होती. डोळे बांधून काठीने मडकं फोडायचं. आपल्या दहीहंडीचं जमिनीवरचं भावंड. लाउडस्पीकरवर ढोल वाजत होता. काका चौकशीच्या खिडकीवर डायनासोरबद्दल जाब विचारत असताना इकडे नातीने डोळ्यांवर पट्टी बांधून तिसऱ्या फटक्यात मडकं फोडलं. तिच्या अंगावर हळदीचं पाणी सांडलं, अनोळखी माणसांनी शिट्ट्या मारल्या, एका आजीने तिला ऊस दिला. ती आजोबांकडे धावत गेली. आजोबांनी फुटक्या मडक्याचा तुकडा हातात घेतला, तक्त्याकडे पाहिलं, शेऱ्याच्या रकान्यात 'अनियोजित' असं लिहिलं, थोडा वेळ थांबले आणि त्यापुढे 'उत्तम' असंही लिहिलं. मग परत चौकशीच्या खिडकीकडे वळले.

त्यांना अखेर मॅनेजरच्या खोलीत नेण्यात आलं. मीही गेलो, साक्षीदार म्हणून. मॅनेजर शांत माणूस होता. त्याने कॉफी मागवली आणि आपली बाजू मांडली. पार्कचा तक्ता एका कुटुंबाचा नसतो. पावसात कलेक्टरने सुट्टी दिली की ठरलेल्या शाळांच्या सहली रद्द होतात आणि सगळ्या मिळून जानेवारीवर कोसळतात. विजा चमकल्या की उंच पाळणे थांबवावे लागतात. लाटांच्या हौदात एका वेळी किती माणसं सोडायची याला मर्यादा असते. सणाला गर्दी किती येईल, याचा अंदाज आदल्या आठवड्यापर्यंत हलत राहतो, आणि आधी छापलेली पत्रकं हलत नाहीत. काकांनी हे सगळं मान डोलावत ऐकलं. एकाच धंद्यातली दोन माणसं बोलत होती.

"ते ठीक," काका म्हणाले. "पण दार नऊला उघडण्याची अक्कल कोणाची?"

"ग्राहकांची मागणी, सार." मॅनेजरने फाइल उघडली. "मागच्या वर्षी एक सविस्तर पत्र आलं होतं. सुट्टीच्या दिवशी साडेदहाला दार उघडणं म्हणजे लोकांचा सकाळचा वेळ वाया घालवणं, असं त्यात लिहिलंय. तक्ताही जोडलाय. फार पद्धतशीर पत्र, सार. आमच्या साहेबांना आवडलं."

पत्र त्याने टेबलावर ठेवलं. लांब कागद, आडवा. पाच रकाने. खाली सही.

काकांनी ते पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. दुसऱ्या कोणी असं काही पाहिलं असतं तर खजील होऊन कॉफी संपवली असती. काकांनी खिशातून पेन काढलं. "हे मी पोंगलसाठी लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. "हे उन्हाळ्यासाठी होतं. तुम्ही चुकीच्या हंगामाला लावलंत." आणि त्याच पत्राच्या पाठीवर त्यांनी सुधारित सूचना लिहून दिली. मे महिन्यातल्या कत्तिरी, म्हणजे रणरणत्या, उन्हात दुपारी बारा ते चार उघड्यावरचे कोरडे पाळणे बंद ठेवावेत, लोखंड तापतं, पोरांना चटके बसतात. ते पाळणे चारनंतर चालू करून रात्रीपर्यंत न्यावेत. दुपारी सगळी गर्दी पाण्यात वळवावी. तारीख, वेळ, जबाबदार व्यक्ती, शेरा. मॅनेजरने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि फाइलमध्ये लावला. परतीच्या प्रवासात, चाराऐवजी सहाला निघाल्यामुळे, हळदीकुंकवाच्या बायका दारात उभ्या असल्याचे फोन येत होते. काका गाडीत शुद्धिपत्रक क्र. ६ लिहीत होते.

मे महिन्यात पार्कने ती सूचना खरंच अमलात आणली. आम्ही सगळे पुन्हा गेलो, काकांच्या आग्रहाने. ऊन असं, की चपलेतून पाय भाजत होते. दारावर मोठा फलक: निवडक पाळणे दुपारी बारा ते चार बंद. फलकाखाली गर्दी जमलेली. आवडीहून दोन बस बदलून आलेले एक वडील, खांद्यावर पोर घेऊन, रखवालदाराला विचारत होते की हे कोणत्या शहाण्याने ठरवलं. एका बाईंनी मोबाइलवर जुन्या वेळांचा फोटो उघडून सगळ्यांना दाखवायला सुरुवात केली. कॉलेजची पाच-सहा पोरं 'पैसे परत' अशी घोषणा देत होती. जावई काहीतरी बोलणार होता. लेकीने त्याचा दंड दाबला. काकू पर्समधली छत्री चाचपून पाहत होत्या.

काका फलकासमोर उभे राहिले, हात मागे बांधून. एकेक ओळ वाचली. वेळ बरोबर. मांडणी बरोबर. एक वेलांटी चुकली होती, ती त्यांनी लक्षात ठेवली. मग त्यांनी वळून त्या खवळलेल्या गर्दीकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकून, खऱ्याखुऱ्या दुःखाने म्हणाले,

"पाहिलंत? आपल्या लोकांना चांगला बदलसुद्धा सोसत नाही."